एक्केचाळिसाव्या गीतातला मोती

कसाल, ९ जून २०२५

सीता,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे मला लागत नाही. तुझ्या नवऱ्याला, कौस्तुभला, लागतो, हे मी काल त्याच्याच रिक्षात बसून पाहिलं. तेव्हा पत्र. भाईंची प्रार्थनामंडळी सोडल्यापासून आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण ‘विझलेल्या’चं, म्हणजे मंडळी सोडणाऱ्याचं, पत्र घरात ठेवणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. एके काळी ऐकवणाऱ्यांत मीही होते. आता मात्र लिहिणं भाग आहे, आणि कारण इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढची पानं फाडलीस तरी चालेल.

आयेचे डोळे. तुझा नवरा कुडाळ स्टेशनवर भाडं सोडून परत जाताना मुद्दाम कसालला थांबला आणि त्यानं सांगितलं. आयेनं पेजेचं तपेलं चुलीवरून उतरवून कट्ट्यावर ठेवलं, तिथं कट्टा नव्हता. पाय भाजला. सुक्या कोळंबीचे सोडे निवडायचं काम तिनं फेब्रुवारीतच बंद केलं, कारण सोडा कुठला आणि साल कुठलं ते कळेना. शिबिराच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय. डावा पूर्ण पिकलाय, महिनाभरात काढला नाही तर आत दाब वाढून डोळा कायमचा जाईल. उजव्याला थोडा वेळ आहे. कुडाळला फुकट होतं, वीस मिनिटांचं काम. यावर आये ‘नको’ म्हणाली आणि तू म्हणालीस, ‘तिची इच्छा’.

मी कौस्तुभला विचारलं, भाईंनी अडवलं का? तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “अडवूक कोण कित्याक होयो? गाण्यात आसा म्हणतत.”

गाण्यात आहे. हे दोन शब्द कालपासून माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसलेत.

घरी येऊन मी निळं गीतपुस्तक काढलं. हो, ‘तिसऱ्या प्रहराची गीतं’ची एक प्रत माझ्याकडे आहे. मंडळी सोडताना पुस्तक परत करायचं असतं. मी हरवलं म्हणून सांगितलं होतं. खोटं होतं. रात्रभर नाही, पण जेवणापासून झोपेपर्यंत बासष्टच्या बासष्ट गीतं पेन्सिल घेऊन वाचली. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी बाई दुसरं काय करणार. बासष्टांपैकी अठ्ठेचाळीस गीतं धनी आभाळातून येऊन आपल्याला इथून नेणार याबद्दल आहेत. इथं राहण्याबद्दल तीन. ‘शेजारी’ हा शब्द एकदाही नाही. सातव्या गीतात ‘हिमाहून शुभ्र करशील मला’ असं आहे. मालवणात हिम कोणी पाहिलंय? राधाबाई वर्षानुवर्षं ‘भीमाहून शुभ्र’ म्हणायच्या आणि कोणी दुरुस्त केलं नाही, कारण भीम निदान ओळखीचा. एकोणिसावं घे. ‘येतो म्हणाला धनी, दार लावू नका.’ आपल्याकडे ‘येतो’ कोण म्हणतं ग? जाणारा. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना. हे मी भाईंना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, तुझं शिक्षण तुझ्या आड येतंय.

चिडून लिहितेय हे मला कळतंय. तेच एकोणिसावं मी भांडी घासताना अजून गुणगुणते, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मी वर बसून सगळं तपासतेय. बाबांची दारू भाईंनी सोडवली, तेसुद्धा मी विसरलेले नाही. अकरा वर्षं तो माणूस शुद्धीत जगला. आये ते पुस्तक डोळ्यांना लावते ती उगाच नाही.

पण डोळे राहिले पाहिजेत ना, लावायला.

वीस तारखेच्या आत तिला कुडाळला ने. मी समोर येणार नाही, हवं तर मी जिल्ह्याबाहेर जाते.

नर्मदा


कसाल, १७ जून २०२५

सीता,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं. कौस्तुभ म्हणतो, पत्र तांदळाच्या डब्यात आहे आणि उघडलेलं आहे. ‘रोज एक पान वाचता, मगे माझ्यार चिडता,’ असंही म्हणाला. त्या बिचाऱ्याला मधे ओढल्याबद्दल मला वाईट वाटतंय. तो स्वतःच्या जागेबद्दल म्हणतो, “मंडळीतले माका भायलो म्हणतत, भायले भितरलो म्हणतत. रिक्षा मात्र सगळ्यांका होयी.”

त्यानं रविवारचं सांगितलं. आयेसाठी एक्केचाळिसावं गीत दोनदा म्हटलं, भाईंनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि ती म्हणाली, ‘उजेड दिसलो.’ बायका रडल्या. सीता, मोतीबिंदू झालेल्या माणसाला उजेड दिसतोच. तो कळतच असतो, बाकीचं दिसत नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारला तेव्हाही तिला दिसला असेल, तेव्हा कोणी रडलं नाही.

आता त्या गीताबद्दल. तुला पाठ आहे, तरी लिहिते.

मोती माझ्या डोळ्यांतला
कोणी न काढावा;
येईल माझा धनी, त्याचा
हात तेवढा लागावा.

आपल्याकडे मोतीबिंदूला म्हातारी माणसं नुसतं ‘मोती’ म्हणतात. ‘डाव्या डोळ्यात मोती पिकलो.’ आणि डॉक्टर तो ‘काढतात’. त्यामुळं बायकांना वाटतं, बावीस वर्षांपूर्वी छापलेल्या गीतात आयेच्या डोळ्यांचं आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि धन्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा हुकूमही. मी समजू शकते. मी त्या चटईवर बसलेली असते तर मलाही अंगावर काटा आला असता.

पण इथं मोती म्हणजे अश्रू. लिहिणाऱ्याला अश्रूच म्हणायचं होतं. धनी येईल आणि आमचे अश्रू पुसेल, एवढा साधा अर्थ. पवित्र शास्त्रातही तेच वचन आहे, तू स्वतः काढून बघ. लिहिणारा माणूस तरुण असावा, त्याला ‘अश्रू’ फार साधा वाटला असावा, म्हणून त्यानं मोती केला. झालं एवढंच. एका शब्दाच्या हौसेपायी एका म्हातारीचा डोळा जाऊ द्यायचा का?

हे आयेला समजावून सांग. तुझं ती ऐकते.

मी आणखी चार पानं लिहिली होती, रूपक म्हणजे काय यावर. ती फाडली. पत्र तुला आहे, परीक्षेला नाही.

नर्मदा


कसाल, २५ जून २०२५

सीता,

मागच्या पत्रात मी ‘लिहिणारा’ असं लिहिलं. पुल्लिंगी. पोस्टात टाकल्यावर तेवढा एक शब्द मला टोचत राहिला. आज कौस्तुभनं सांगितलं की आयेचा डावा डोळा लाल झालाय, त्या बाजूनं डोकं दुखतंय आणि काल तिला उलटी झाली. तेव्हा आता सजवून लिहायला वेळ नाही.

एक्केचाळिसावं गीत मी लिहिलं.

तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस. पुस्तक छापायचं ठरलं होतं. मंडळीत बी.ए. मराठी झालेली मी एकटी. भाईंकडे मुंबईच्या कुठल्याशा मिशनात शिकलेल्या चाली होत्या आणि त्यांवर बसवलेले ओबडधोबड शब्द. ते म्हणाले, जरा नीट करून दे. मी बासष्टांपैकी तीसएक नीट केली, आणि एक्केचाळिसाव्याचं पहिलं कडवं सोडून बाकी सगळं माझं आहे. तिथंही भाईंची ओळ वेगळी होती. माझ्या २००३च्या वहीत आहे, जशीच्या तशी उतरवते:

“१४ जाने. एक्केचाळीस झालं. भाईंचं ‘आसू माझ्या डोळ्यांतला कोणी न पुसावा’ होतं. आसूचा मोती केला. मग ‘पुसावा’ खटकायला लागलं. मोती पुसत नाहीत, काढतात. ‘काढावा’ केलं. दोन दिवस याच्यात गेले पण आता ओळ पक्की बसली. फार बरं वाटतंय.”

फार बरं वाटतंय. हे वाचून मी वही मिटली आणि उठून पाणी प्याले. ‘पुसावा’ ठेवलं असतं तर आज मोतीबिंदूचा काही संबंधच लागला नसता. मोतीबिंदू कोणी पुसत नाही. मला अचूक शब्द हवा होता, आणि अचूक शब्दानंच घोळ केला.

भाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, ‘कोणी लिहिलं हे सांगायचं नाही. गीत मिळतं, लिहिलं जात नाही.’ मी मान डोलावली. नम्रतेनं डोलावली असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. चाळीस माणसं डोळे मिटून माझी ओळ म्हणतायत, आणि त्यांना ती आभाळातून आली असं वाटतंय, याची चव नाव छापून आलं असतं तर मिळाली नसती.

मग २०१७ साली, भाईंनी सांगितलेली धनी येण्याची तिसरी तारीखही टळून गेल्यावर, दोष कोणाचा हे शोधायचं ठरलं आणि तो राधाबाईंच्या आंब्याच्या कलमावर आला. आठवतं ना? परसात हापूसचं कलम लावलं म्हणजे पाच-सहा वर्षांनी आंबा खायची आशा आहे, म्हणजे धनी लवकर येतोय यावर विश्वास नाही. राधाबाईंनी स्वतःच्या हातानं कलम उपटलं. मी उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले. तारखांबद्दल बोलले, कलमाबद्दल बोलले, भाईंच्या हिशेबातल्या चुका दाखवल्या. एक्केचाळिसाव्याबद्दल बोलले नाही. त्या दिवशी ‘गीतं मिळालेली नाहीत, त्यातलं निम्मं मी घरी बसून जुळवलंय’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. का बोलले नाही? बोलले असते तर त्यांनी ते गीत पुस्तकातून काढलं असतं. मी मंडळीतून बाहेर पडत होते, आणि माझं गीत आत राहावं असं मला वाटत होतं.

हे मी आजवर वहीतही लिहिलेलं नाही.

तेव्हा आयेला सांग. आत्ता, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. ते देवाचं नाही, नमूचं आहे, आणि नमू म्हणते काढ. तिला वाईट वाटेल, कदाचित ते गीत ती पुन्हा म्हणणार नाही. चालेल.

पुढच्या बुधवारपर्यंत वाट बघते. मग मी येते. दार लावून घेतलंस तर बाहेरून ओरडून सांगेन, आणि तुमच्या गल्लीत आवाज कुठवर जातो ते तुला माहीत आहे.

नर्मदा


कसाल, ३ जुलै २०२५

सीता,

काल मी आले तेव्हा तू दार लावलं नाहीस, त्याबद्दल आभार. मला पाहिल्यावर मंडळीच्या नियमाप्रमाणे विझलेलीशी एक शब्द न बोलता परसात निघून गेलीस आणि सुक्या बांगड्यांची टोपली विनाकारण इकडून तिकडे ठेवत राहिलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्यामुळं आत काय बोलणं झालं ते तुला ठाऊक नाही. ते तुला कळलंच पाहिजे. कौस्तुभ दारात बसला होता. मी काही वाढवून लिहिलं तर तो सांगेल.

आये खाटेवर होती, डाव्या डोळ्यावर ओला फडका धरून. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं. म्हणाली, “इलंस? बस. चाय घेतलंस?” जणू मी आठ दिवसांपूर्वीच येऊन गेले होते. मी चहाबिहा टाळून सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, आये, तुला सीतानं काही सांगितलं का? तर नाही. तू सांगितलं नव्हतंस. मी तुझ्यावर मनातल्या मनात खूप चिडले, आणि मग स्वतःच सांगितलं.

“आये, एक्केचाळिसावा गाणा माझा. मी लिवलंय ता.”

“ठावक आसा माका.”

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, “बहिरी नाय झालंय गो अजून. चुलीकडे बसान तूच माका दोन दिस सांगी होतंस, मोती पुसूचे नसतत, काढूचे असतत. माझी भाकरी करपली तुझ्या मोत्यापायी.”

माझ्या वहीत हे नाही. त्या दोन दिवसांत आये शेजारी होती, हेच मी लिहिलेलं नाही. बावीस वर्षं मी जे गुपित म्हणून जपलं, ते त्या बाईनं भाकऱ्या थापता थापता ऐकलं होतं.

मग मी म्हटलं, तुला माहीत होतं तर मग काढायला का देत नाहीस? देवानं लिहिलेलं नाही हे तुला ठाऊक आहे!

“देवान लिवलेला म्हणान मी कधी म्हटलंय? तेच म्हणतत.”

“मगे?”

तिनं कौस्तुभकडे तोंड वळवलं, म्हणजे त्याची जिथं हालचाल होती तिकडे, आणि त्याला पाणी आणायला पाठवलं. तो उठून उंबऱ्याबाहेर गेला आणि दाराआडच थांबला. मग आये हळू आवाजात म्हणाली:

“माका भिया वाटता, बाय. डोळो उघडो ठेवन सुरी लावतत म्हणे. भिया वाटता म्हटला तर तुम्ही सगळी माका समजावक बसतलात. गाण्यात आसा म्हटला की कोण तोंड उघडणा नाय. भाई पण नाय.”

सीता, मला हसू आलं नाही. कौस्तुभला आलं, ते मला ऐकू आलं. मला राग आला. आधी तिचा, मग तुझा, मग भाईंचा, आणि एस.टी.त बसल्यावर फक्त माझा. घरी येऊन तुला लिहिलेल्या तिन्ही पत्रांच्या नकला काढून वाचल्या. मी नकला ठेवते, तुला माहीत आहे. तीन पत्रांत हिमावर लिहिलंय, ‘येतो’वर लिहिलंय, बासष्ट गीतांची मोजदाद केलीय, माझ्या मोठेपणाच्या हौसेची कबुली दिलीय. ‘आये घाबरली आहे का?’ हा प्रश्न कुठंही नाही. तुम्ही चाळीस जणांनी तिच्या नकारात श्रद्धा पाहिली, मी अंधश्रद्धा पाहिली. शहाऐंशी टक्के गुणांनी मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला चार ओळींच्या मागे भ्यायलेली एक म्हातारी दिसली नाही.

मी तिला विचारलं, काय केलं म्हणजे भीती वाटणार नाही? ती म्हणाली, “भिया वाटतलाच. पण एका बाजूक तू बस, दुसऱ्या बाजूक सीता. हात सोडूचो नाय. मगे येतंय.”

शस्त्रक्रियेच्या खोलीत कोणाला बसू देत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. बाहेर बसू. दारापर्यंत हात धरू. पण दोघी हव्यात, एकीला ती तयार नाही. मी तिला दोनदा विचारलं.

मला कल्पना आहे मी काय मागतेय. विझलेलीच्या शेजारी बसलीस तर ते मालवणात लपणार नाही. तुला बोलावतील, उभं करतील. मी गेले तेव्हा माझ्यामागे कोणी नव्हतं, एकटीचं निभावलं. तुझं सगळं तिथं आहे, बायका, मुलांचे खेळगडी, आयेच्या औषधाला रात्री धावून येणारी माणसं. मी हे सगळं धरून विचारतेय.

मी कुडाळला नाव घातलंय. लवकरात लवकर १२ तारीख मिळाली. त्याआधी डोळ्याचा दाब उतरवायची गोळी आणि थेंब सुरू करायला सांगितलेत. ते कौस्तुभच्या हाती पाठवले आहेत. शनिवार, १२ जुलै, सकाळी आठ.

नर्मदा


कसाल, १९ जुलै २०२५

सीता,

हे पत्र पोस्टानं नाही, कौस्तुभच्या हाती देतेय, आज संध्याकाळीच मिळावं म्हणून. काल दुपारी मी आयेच्या डोळ्यात थेंब घालत असताना तू मोरीपाशी उभी राहून मला विचारलंस, “चुकान बोललंय म्हणान सांगू काय?” मी तेव्हा थेंब मोजत होते, उत्तर आता लिहिते.

आधी दवाखान्याचं एकदा लिहून काढते, माझ्यासाठीच.

तू आलीस. मी सव्वासातपासून फाटकाशी उभी होते आणि तू येणार नाहीस असं धरून आयेला काय सांगायचं ते पाठ करत होते. तू रिक्षातून उतरलीस, माझ्याकडे न बघता आयेचा उजवा हात धरलास. मी डावा. मग तीन तास तू माझ्याशी आयेमार्फत बोललीस. “आये, तिका सांग, आधार कार्ड माझ्या पिशयेत आसा.” “आये, तिका सांग, फॉर्मार सही मी करतंय.” आये मधल्या मधे म्हणायची, “आयकलंस मां?” त्या सिस्टरबाईंनी शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या बहिणीला ऐकू येत नाही का? मी हो म्हटलं. एवढं एक खोटं मी बोलले.

डॉक्टरांनी डाव्याबद्दल सांगितलं तेव्हा आपण दोघी होतो. दाब वाढून आतली नस सुकली. तो डोळा आता दुखणार नाही, पण दिसणारही नाही. उजव्यातला मोती काढला, तो डोळा चांगला आहे. महिनाभर आधी आला असतात तर, असं ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. मी पहिलं पत्र ९ जूनला लिहिलं आणि खरं पत्र २५ला. मधले सोळा दिवस माझे आहेत, ते मी कोणावर ढकलणार नाही. त्याच्या आधीचे, फेब्रुवारीपासूनचे, तुझे. ते तुझे तू बघ. मी त्यावर पुन्हा काही बोलणार नाही, पण ते नव्हतेच असंही म्हणणार नाही.

उजव्याची पट्टी सुटल्यावर आयेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अरे देवा, म्हातारी झालंस तू.” मग तुझ्याकडे वळून, “तूय.”

आणि त्या आधीचं, पट्टी असतानाचं. आये झोपली होती, सिस्टर थेंबांचा कागद देऊन निघून गेली होती, कौस्तुभ रिक्षाकडे. मधे कोणी उरलं नव्हतं. तू कागद हातात धरून म्हणालीस, “दिसाक सहा येळा थेंब. दुपारचे माका जमाचे नाय.” तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ वर्षांचं साचलेलं होतं. मी विचारलं, “कोणाक सांगतंस?”

तू म्हणालीस, “भिंतीक सांगतंय. भिंत येतली काय दुपारची?”

मी म्हटलं, येईल. तेव्हापासून रोज दीड तास एस.टी.नं जाते आणि दीड तास येते, ग्रंथालयातून अर्धी रजा टाकून.

आता तुझा प्रश्न. भाईंना कळलंय, आणि उद्या तुला उभं राहून सांगायचंय. ‘चुकून बोलले’ म्हणालीस तर चार रविवार मागच्या चटईवर बसशील आणि मग सगळं पूर्ववत. नाही म्हणालीस तर विझलेली. मी काय सांगू? आठ वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं, खरं सांग, होईल ते होईल. तेव्हा मला वाटायचं बाहेर पडणं म्हणजे दार उघडणं. बाहेर पडल्यावर पहिल्या दिवाळीत मी कोणाला फराळ द्यावा हे मला कळेना, सीता. एवढीशी गोष्ट. शेजारणीला दिला, ती म्हणाली तुमच्यात चालतं का? तेव्हा तू खोटं बोललीस तर मी तुला खोटारडी म्हणणार नाही. पुस्तक हरवलं म्हणून मी सांगितलंच होतं.

पण मला विचारलंस म्हणून सांगते: तू चुकून बोलली नव्हतीस. तू अर्धं मिनिट थांबलीस, इकडेतिकडे पाहिलंस आणि मग बोललीस. मी पाहत होते. त्या शब्दांचं उद्या तू काहीही कर, ते घडलं तसं माझ्या वहीत आहे.

भाईंनी गेल्या रविवारी एक्केचाळिसाव्यात दुरुस्ती केली, हे कौस्तुभनं सांगितलं. ‘न काढावा’च्या जागी ‘न पुसावा’. ही दुरुस्तीही म्हणे ‘मिळाली’. मी सकाळभर त्यावर चिडले. माझी ओळ, मला न विचारता. मग मोठ्यानं दोन्ही म्हणून पाहिल्या. पुसावा जास्त चांगलं आहे. भाईंचंच होतं ते, मुळातलं.

शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. आये उद्या मंडळीत बसणारच म्हणते. डोळ्याला काळा चष्मा असेल तर डॉक्टरांची हरकत नाही. त्या आवारात मला पाय ठेवता येत नाही, फाटकाशी कोणीतरी अडवेलच, आणि तिला मधेच बाहेर आणायचं तर धक्काबुक्की नको. म्हणजे साडेबाराचे थेंब उद्या तुलाच घालावे लागतील. भाईंचं प्रवचन तेव्हा मध्यावर असतं. तू मागच्या चटईवर असशील की कुठे, मला माहीत नाही. जिथं असशील तिथून उठ, सगळ्यांच्या मधून पुढे जा, तिचा चष्मा काढ, खालची पापणी ओढ, एक थेंब. दुसरा पाच मिनिटांनी. तेवढा वेळ तिथंच उभी राहा.

आधी साबणानं हात धू.

नर्मदा